राहून गेलेले काम

माझ्या आईने एका जिल्हा रुग्णालयात ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले. निवृत्तीनंतर एकदा मी तिला सहज विचारले, "नोकरीत समाधान मिळालं का गं?" पगार, बदल्या, रात्रपाळ्या यांविषयी ती काही बोलेल असे वाटले होते. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "काम भरपूर मिळालं. ते नीट करायला वेळ मिळाला असता, तर समाधानही मिळालं असतं."

रात्रपाळीहून परतल्यावर चहा घेताना ती राहून गेलेली कामे आठवत बसे. सात नंबरच्या आजींची कूस बदलायची राहिली. नव्याने दाखल झालेल्या मुलीजवळ दोन मिनिटे बसायचे राहिले. केलेल्या कामांची यादी तिने कधी सांगितल्याचे मला स्मरत नाही. आम्हा भावंडांना तो कुरकुरीचा सूर वाटे. ती टोचणी होती, हे कळायला फार वर्षे जावी लागली.

फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ साली मांडले, की वेतन, नियम, वरिष्ठांची वागणूक यांतील उणिवा असमाधान निर्माण करतात. मात्र त्या दूर झाल्या म्हणून समाधान लाभत नाही. ते प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून आणि कामाची दखल घेतली जाण्यातून येते. पण त्याने अभ्यासले होते अभियंते आणि हिशेबनीस. अपुरा राहिलेला ताळेबंद उद्या पूर्ण करता येतो. न बदललेली कूस उद्यापर्यंत थांबत नाही.

पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांविषयी लिंडा एकेन यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी, परिचारिकेच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी आणि ती पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. म्हणजे परिचारिकेचे असमाधान हा तिचा खाजगी प्रश्न उरत नाही. तिचे दुःख आणि रुग्णाचा धोका यांचा उगम एकच असतो.

येथे मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण होते. १९७३ पासून २०१५ पर्यंत तेथील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. आपण त्याला 'त्याग' म्हणून मोकळे होतो. मला मात्र तेथे पूर्णत्वाला नेलेले काम दिसते. २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या, 'देवदूत' म्हटले. पण देवदूताला पाळीवर जोडीदारीण लागत नाही, परिचारिकेला लागते.

गेल्या वर्षी आई स्वतःच रुग्णालयात होती. रात्री एकटीच एक तरुण सिस्टर सगळा वॉर्ड सांभाळत होती. ती आईजवळ आली, तेव्हा आई कठड्याला धरून हळूहळू स्वतःच वळली आणि म्हणाली, "माझं झालं गं बाळ. तू आधी पलीकडच्या आजींना बघ."