बोटाचा निरोप

चढ आला की सायकलवरून खाली उतरावे आणि ती ढकलीत न्यावी, हा सायकलस्वाराचा धर्मच आहे अशी माझी वर्षानुवर्षे समजूत होती. परळच्या आमच्या चाळीतल्या सायकली काळ्या, दणकट, एकाच गतीच्या. डबेवाल्यांच्या सायकली अजून बहुधा तशाच असतात. आणि गिअरवाचून त्यांनी कुणाला उपाशी ठेवल्याचे ऐकिवात नाही!

गिअरची गोडी (की खोडी?) आमच्या घरात आणली ती लालबागच्या माझ्या भाच्याने. हा पोरगा नऊ वर्षांचा असताना पतंगापायी गच्चीवरून पडला. जीव वाचला, पण डाव्या हाताची बोटे त्यानंतर नीट मिटेनाशी झाली. आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि त्याला मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढायचा आहे. ताईने मला बोलावून घेतले. म्हणाली, "तू मास्तर आहेस. तुझं ऐकेल तो. हे खूळ काढ त्याच्या डोक्यातून."

मी गेलो समजूत घालायला, आणि तीन तास ऐकत बसलो.

जुन्या गिअरात खटका ओढला की तार ताणली जाते आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते. म्हणजे बोटात जोर हवा. विजेच्या गिअरात बोटाने फक्त निरोप द्यायचा. ओढाताण चाकापाशी बसलेली चिमुकली मोटर करते. फ्रान्सच्या माविकने १९९० नंतरच्या दशकात हा प्रयोग केला. जपानच्या शिमानोने २००९च्या सुमारास तो रुळवला. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली जी अमेरिका आडवी पार केली, तसल्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत धडधाकट बोटेसुद्धा बधिर होतात म्हणे. तेव्हा हलक्या स्पर्शाची गरज एकट्या माझ्या भाच्यालाच आहे असे नाही.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की बटण ठेवायचे कुठे? 'एवढाच' म्हणतो खरा! रस्त्यावरची नजर न काढता ते बोटाला सापडले पाहिजे. पावसात, हातमोज्यांतूनही दाबता आले पाहिजे. पण खड्ड्यात हिसका बसला म्हणून आपोआप दाबले जाता कामा नये. (खड्ड्यांच्या बाबतीत आमची मुंबई कुणाला हार जाणार नाही.) आणि दाबल्यावर बारीकसा 'टक्' लागला पाहिजे, कारण तार ओढल्याची खूण आता हाताला मिळत नाही.

शिमानोने आरंभी दोन बटणे अगदी शेजारी ठेवली, तर जाड मोज्यांतून ती ओळखू येत नाहीत अशी स्वारांची तक्रार आली. अमेरिकेच्या स्रॅमने २०१५ साली निराळी तोड काढली. उजवे दाबले की गिअर जड, डावे दाबले की हलका, दोन्ही एकदम दाबली की पुढचे चक्र बदलते. मला तर ही युक्ती फारच आवडली. भाचा हसून म्हणाला, "मामा, हे दोन हातवाल्यांचं व्याकरण झालं."

व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला याहून काय लागावे?

त्याने सारा कारभार उजव्या हाती आणला आहे. दोन्ही ब्रेक एकाच खटक्यात, दोन्ही सुटी बटणे उजवीकडे. पुढचे चक्र यंत्रच आपले आपण सांभाळते. बटणांची जागा ठरवायला त्याने गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणला, दांडीवर थापला आणि घट्ट मूठ आवळली. अंगठा टेकला तिथे हलका गिअर, तर्जनी टेकली तिथे जड. मग दोन तास सायकल चालवून आल्यावर पुन्हा मूठ आवळली, तर ठसा निराळा! दमलेल्या हाताचा अंगठा ताज्या हाताच्या जागी राहत नाही. अशा सात मुठी खिडकीत ओळीने वाळत होत्या, आणि केर काढताना ताई त्यांच्यावर चडफडत होती.

गेल्या रविवारी पहाटे तो चौपाटीवरून हँगिंग गार्डनच्या चढाला लागला. मागे टॅक्सीत मी आणि ताई. ती एक शब्द बोलत नव्हती. नजर त्याच्या हातावर. दोनदा 'टक्' झाले असावे, कारण पायांची गती बदलली. अर्ध्या चढावर तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "त्याला सांग, मुठीला खरखरीत कापड गुंडाळ म्हणावं. घामानं हात सरकतोय."