फळ्यावरचा नऊ

परवा नात पुण्याहून आली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली आणि थोड्या वेळाने कपाळावर हात मारून म्हणाली, "आजोबा, पडला!"

मला वाटलं लॅपटॉपच पडला. पडला होता तिचा प्रोग्राम.

तीन तुकड्यांच्या गुणांची सरासरी काढायचा सी भाषेतला प्रोग्राम. पडद्यावर आलं होतं 'असर्शन फेल्ड' आणि खाली 'अबॉर्टेड'. सरासरीच्या फंक्शनमध्ये तिनेच अट लिहिली होती, की मुलांची संख्या शून्यापेक्षा जास्त हवी. अट मोडली की तिथेच थांबायचं, चुकीचं उत्तर घेऊन पुढे जायचं नाही. म्हणजे आपला ताळाच की!

ती म्हणाली, "आजोबा, तुमचंच गणित आहे हे." 1949 साली केंब्रिजमध्ये ॲलन ट्यूरिंग यांनी हीच कल्पना मांडताना उदाहरण दिलं होतं लांबलचक बेरजेचं. नुसती शेवटची बेरीज दिली तर तपासणाऱ्याला सगळं एका बैठकीत तपासावं लागतं. मधल्या रकान्यांच्या बेरजा लिहून ठेवल्या तर एकेक रकाना वेगळा तपासता येतो. मंडळी, मी जन्मभर मुलांना ओरडत आलो, "हातचा लिहा रे!" तो मला त्या दिवशी नव्याने कळला.

मग तिने जीडीबी सुरू केलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिलेलं हे साधन. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसतं टाइप करायचं. 'रन' म्हटलं, प्रोग्राम पुन्हा पडला. 'बीटी' म्हटलं, तर कोणी कोणाला बोलावलं याची वंशावळच उभी राहिली. वरच्या काही ओळी यंत्रणेच्या, त्यांखाली सरासरीचं फंक्शन, त्याखाली त्याला बोलावणारं. 'अप' करत ती त्या बोलावणाऱ्यापाशी गेली आणि 'प्रिंट' करून आकडा पाहिला. तीन! मोजणी शून्यापासून, म्हणजे तुकड्या शून्य, एक आणि दोन. जागा चारांची राखलेली, भरलेल्या तीनच. 'पेक्षा लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' लिहिल्यामुळे रिकाम्या चौथ्या तुकडीची सरासरी मागितली गेली.

"जिथे पडतो तिथे चूक नसते, आजोबा. मागे जावं लागतं."

हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

मी बी.ए. मराठीचा, पण शिक्षक कमी म्हणून सहावीचं गणितही माझ्याकडे होतं. एकदा एका मुलाचं उत्तर चुकलं, म्हणून त्याच्या हातावर दोन पट्ट्या मारल्या. बाकी सगळ्यांचं बरोबर होतं. संध्याकाळी वही तपासताना दिसलं, की पुस्तकातला सहा मी फळ्यावर नऊ लिहिला होता. त्याने फळ्यावरचं गणित अचूक सोडवलं होतं. बाकीच्यांनी पुस्तकामागचं उत्तर उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला बागाईतदार आहे. चैत्रात गडावर जाताना माझ्याकडे थांबतो, पाया पडतो आणि म्हणतो, "सर, तुमच्या पट्टीमुळे गणित सुधारलं." मी हसून चहा विचारतो.

असो. या चैत्रात चहाच्या आधी त्याला तो नऊ सांगणार आहे. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.