गांधीजी जलद गेले

आठवीचं वर्ष होतं. माझ्याकडे नेहमीप्रमाणे जुनं पुस्तक होतं. जूनमध्ये निम्म्या किमतीला घेतलेलं, खाकी कव्हरचं, आणि आधीच्या मालकाने जवळजवळ प्रत्येक ओळीवर शिसपेन्सिलीने शब्दार्थ लिहून ठेवलेलं. असं 'भरलेलं' पुस्तक मिळणं तेव्हा नशिबाचं मानत. वर्षभराची मेहनत वाचायची. गांधीजींवरचा धडा होता. सरांनी मला उभं केलं, वाच आणि अर्थ सांग. वाक्य आलं, 'गांधीजी वेन्ट ऑन अ फास्ट.' फास्टच्या डोक्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, जलद. मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "गांधीजी जलद गेले."

वर्ग हसला नाही, कारण अर्ध्या वर्गाला ते बरोबरच वाटलं होतं. हसले ते सर. मग म्हणाले, "अरे, 1943 साली आगाखान पॅलेसात 21 दिवस उपास केला तेव्हा त्यांचा जीव राहतो की जातो अशी अवस्था झाली होती, आणि तू त्यांना जलद पाठवतोस?"

धडा तिथेच थांबला. सरांनी फळा पुसला आणि चार वाक्यं लिहिली. एकात गाडी फास्ट होती, दुसऱ्यात गांधीजींचा फास्ट, तिसऱ्यात बाळ फास्ट झोपलं होतं आणि चौथ्यात कापडाचा रंग फास्ट होता. "पेठेतला कापडवाला तुझ्या आईला काय सांगतो?" मी म्हटलं, "रंग फास्ट आहे, जाणार नाही." "मग तो रंग पळतो का?" आता मात्र वर्ग हसला. माझ्या तोंडात रोज असलेला तो 'फास्ट' इंग्रजी शब्द आहे आणि तो पुस्तकातल्या फास्टचा सख्खा भाऊ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. आता महाराष्ट्रात 2000 सालापासून ते पहिलीपासूनच आहे, त्यामुळे पाचवीत एबीसीडी गिरवणारी मुलं होती हे सांगितलं तर आजची पोरं गंमत म्हणून ऐकतात. शब्द पाढ्यांसारखे पाठ करायचे. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. आधी स्पेलिंग, मग उच्चार, मग 'म्हणजे', मग मराठी. सबंध वर्ग एका चालीत हे म्हणे आणि सारा भर त्या 'म्हणजे'वर पडे. स्पेलिंगसाठी प्रत्येकाच्या युक्त्या. बुधवारचं स्पेलिंग वेड-नेस-डे, टुगेदरचं टू-गेट-हर, आणि हे दुसरं म्हणताना मागच्या बाकावर उगीच खसखस. नाइफला 'क्निफे' म्हणून लक्षात ठेवलं की स्पेलिंग चुकत नसे. उच्चार चुके, पण त्याला मार्क नव्हते.

वहीला मधोमध रेघ. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. चुकला तर दहा वेळा लिहा. या पद्धतीला आता सगळे नावं ठेवतात आणि ती बरीचशी खरीही आहेत. एका शब्दाला एकच अर्थ, असा आमचा हिशेब होता. शब्द कुठे वापरायचा याच्याशी वहीचा संबंध नव्हता. रजेच्या अर्जाखाली मी चार वर्षं 'युवर ओबिडियंट पुपिल' लिहीत होतो. ओबिडियंट म्हणजे आज्ञाधारक, हे मला कॉलेजात गेल्यावर एका गोष्टीत कुत्र्याबद्दल तो शब्द आला तेव्हा समजलं. तोवर सहीच्या वरची जागा भरण्यासाठीच तो शब्द असतो, असा माझा समज होता.

क्रिकेटने तर जास्तच घोटाळा केला. ट्रान्झिस्टरवर काही वेळ हिंदी, काही वेळ इंग्रजी समालोचन चाले. इंग्रजी लागलं की आम्ही वहीत शब्द टिपत असू आणि रात्री वीरकरांच्या डिक्शनरीत बघत असू. सिली म्हणजे मूर्ख. पॉइंट म्हणजे बिंदू. सोलकर मूर्ख बिंदूवर उभा राहून झेल घेतो, हे काही केल्या पटेना. शॉर्ट लेग आखूड पाय झाला. मेडनचा अर्थ कुमारिका निघाल्यावर बेदी किती मेडन टाकतो हे थोरल्यांना विचारायची सोय राहिली नाही. बाकी त्या छोट्या डिक्शनरीचे उपकार मोठे. इंग्रजी शब्दाचा उच्चार ती देवनागरीत द्यायची आणि गावात तो उच्चार विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

घरी आजोबांच्या पेटीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. वाक्यात बसलेले शब्द मी पहिल्यांदा तिथे पाहिले. एका वाक्याचा पुढच्याशी काही संबंध नसे. पण त्यांचं मराठी करायचं आणि पुन्हा मराठीवरून इंग्रजी करायचं, या येरझाऱ्यांत शब्दाला एक बूड यायचं. आजोबांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. त्यांनी कोर्टकचेरीचे कागद मात्र आयुष्यभर इंग्रजीत वाचले, ते याच पाठमालेच्या बळावर.

कॉलेजच्या ग्रंथालयात हॉर्नबीचा कोश हाती आला तेव्हा मी दोन दिवस तो नुसता चाळत होतो. प्रत्येक अर्थाखाली वाक्य! शब्दामागून कोणतं अव्यय येतं, क्रियापदाला कर्म लागतं की नाही, सगळं त्या वाक्यातच दाखवलेलं. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज मास्तर जपानमध्ये मुलांना शिकवत होता. कुठे अडखळतं ते त्याला रोज वर्गात दिसत होतं, आणि त्यातून त्याने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी हा कोश रचला. तो पहिल्यांदा निघाला 1942 साली तोक्योत, ऐन युद्धात. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये आपल्या नावाने काढला. म्हणजे इंग्रजी ज्यांची नाही अशांसाठीचा हा जगप्रसिद्ध कोश जपानी पोरांच्या चुकांवर उभा आहे. गांधीजींना जलद धाडणारं एखादं पोरगं तिथल्याही वर्गात असणार.

त्याच ग्रंथालयात एका जाड कोशात फास्ट पुन्हा भेटला. शोधायला गेलं की खाली फास्टन, त्याखाली फास्टिडियस. एक शब्द काढायला जावं आणि तीन घेऊन यावं, हा कागदी कोशाचा फायदा फोनने पुरा घालवला. तिथे कळलं की मुळात फास्ट म्हणजे घट्ट, पक्का. म्हणून बांधणं ते फास्टन, न जाणारा रंग फास्ट, गाढ झोप फास्ट. उपासही त्यातलाच, कारण स्वतःला घट्ट धरून ठेवायचं. आणि सकाळी तो मोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट. मला एकदम आईचं बोलणं आठवलं. ती 'उपास धरलाय' म्हणायची. आपल्याकडेही उपास धरतातच की, आणि सोडतात किंवा मोडतात. 'उपास = फास्ट' असं वहीत शंभर वेळा लिहून हे कधी दिसलं नसतं.

आता फोन आहे. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ, उच्चार, मराठी प्रतिशब्द आणि खाली वाक्यंच वाक्यं. ही वाक्यं कोणा मास्तराने रचलेली नसतात. बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी 1987 मध्ये कोबिल्ड कोश काढला, तो छापील मजकुराच्या आणि बोलण्याच्या भल्यामोठ्या साठ्यातून संगणकाने वेचलेल्या वापरावर उभा होता. तेव्हा नवलाची वाटलेली ती रीत आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मला तिचं कौतुकच वाटतं. सरांनी चार वाक्यांसाठी अख्खा तास घालवला. फोन चाळीस वाक्यं पापणी लवायच्या आत देतो. फक्त परवा 'रेझिलियन्स' शोधताना माझ्या लक्षात आलं की शोधाच्या यादीत तो शब्द आधीच चार वेळा आहे. मी चारही वेळा वाक्यं वाचली होती. फोनला आठवत होतं, मला नाही. दहा वेळा लिहिलेला एकही शब्द मात्र मी विसरलेलो नाही, 'क्निफे'सुद्धा.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुलं अजूनही नॉर्मन लुइसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' घेऊन बसलेली दिसतात. 1949 सालचं पुस्तक, पदपथावर मिळतं. जोडीला मोबाइलवर 'द हिंदू'तल्या अवघड शब्दांची पीडीएफ. एकाची वही मी उघडून पाहिली. मधोमध रेघ होती. मला फार बरं वाटलं, आणि लगेच काळजीही वाटली, कारण उजवीकडे प्रत्येक शब्दापुढे एकच अर्थ होता.

गेल्या महिन्यात पुतणीचा मुलगा राहायला आला होता. सहावीत आहे, इंग्रजी माध्यम. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची झाली, तेव्हा त्यालाही आहे. त्याचं मराठीचं पुस्तक टेबलावर पडलं होतं, सहज उघडलं. ओळीओळीवर शिसपेन्सिलीने शब्दार्थ, इंग्रजीत. ओसरीवर काही नव्हतं, बहुधा फोनलाही सुचलं नसावं. पडवीवर लिहिलं होतं, बाल्कनी.

"आजोबा पडवीत झोपत, म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"ग्रँडफादर स्लेप्ट इन द बाल्कनी," तो म्हणाला. "आजोबा, पण मग चौथ्या ओळीत त्या बाल्कनीत गाय कशी आली?"

मी पाठकोरा कागद घेतला आणि गावच्या घराचं चित्र काढायला बसलो. गोठा, पडवी, ओसरी, माजघर. तासभर गेला. पडवीची चार वाक्यं आम्ही दोघांनी मिळून लिहिली, त्यातलं एक त्याचं आहे: 'पाऊस आला की आमच्या पडवीत कुत्री येतात.' त्यांच्या सोसायटीत पडवी नाही, पण वाक्य बरोबर आहे.