खिशांतला कॅमेरा

तपकिरीची डबी, खिशांतलें चांदीचें घड्याळ, पानाची चंची आणि अडकित्ता यांविषयीं आमच्या आजोबांच्या पिढीला जी माया होती, ती केवळ उपयुक्ततेपोटीं नसावी, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. मोठ्या वस्तूचा अभिमान वाटेल, क्वचित् धाकही वाटेल. पण लळा लागतो तो मुठींत मावणाऱ्या वस्तूचा. आमच्या वाट्याला तपकीर आली नाहीं हें बरेंच झालें. तिच्या जागीं आम्हीं फिल्मचे जुने, चिमुकले कॅमेरे धरले आहेत. घरांत यास वेड म्हणतात, आम्ही व्यासंग म्हणतों. खर्च दोहोंचा सारखाच येतो.

ज्यांना या वेडाची बाधा झालेली नाहीं ते विचारतात, "प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतांना हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि केवळ सोयीपुरतें पाहिलें तर त्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. रोल महाग, तो धुऊन देणारा शोधावा लागतो, आणि छत्तीस चित्रांपैकीं दहा बरीं निघालीं तर आम्ही पेढे वाटण्याच्या बेतांत असतों. परंतु कॅमेरा खिशांत शिरला ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नव्हती.

१९१२ सालीं कोडॅक कंपनीनें 'व्हेस्ट पॉकेट कोडॅक' बाजारांत आणला. घडी केली असतां जेमतेम इंचभर जाड. नांवाप्रमाणें वासकिटाच्या खिशांत बसणारा. पहिल्या महायुद्धांत 'शिपायाचा कोडॅक' म्हणून त्याची जाहिरात झाली. १९१५ सालीं ब्रिटिश सैन्यानें पश्चिम आघाडीवर खासगी कॅमेरे बाळगण्यास मनाई केली खरी. पण तिपाईवरचा कॅमेरा जसा दुरून दिसतो तसा वासकिटांतला दिसत नाहीं. मनाईला न जुमानतां तो खंदकांत राहिलाच. त्याच सुमारास त्याच्या पाठीला एक लहानशी खिडकी आली. ती उघडून बारीक सळईनें फिल्मवरच स्थळ, तारीख, दोन शब्द लिहितां येत. उद्यांची शाश्वती नसलेल्या माणसानें त्या खिडकींत आजची तारीख कोणत्या मनानें लिहिली असेल, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

याच जातीचा एक कॅमेरा १९२४ च्या जूनमध्यें एव्हरेस्टवर गेला आणि परत आला नाहीं. जॉर्ज मॅलरीनें तो आपला सोबती हॉवर्ड सॉमरव्हेल याजकडून मागून घेतला होता. (या सॉमरव्हेलनें आयुष्याचीं अनेक वर्षें त्रावणकोरांत नेय्यूर येथें रुग्णांच्या सेवेंत घालविलीं, त्याजवर कोणीतरी स्वतंत्र लिहावयास पाहिजे.) मॅलरी आणि त्याचा तरुण जोडीदार अर्व्हिन शिखरावर पोंचले होते कीं नाहीं, याचा पुरावा असलाच तर तो त्या कॅमेऱ्यांत. १९९९ सालीं मॅलरीचा देह सांपडला. त्याजपाशीं कॅमेरा नव्हता. २०२४ सालीं अर्व्हिनचें पाऊल बुटासह सांपडलें, कॅमेरा नाहींच. दर वेळीं अशी बातमी आली कीं आम्ही वर्तमानपत्र हातीं घेऊन प्रथम कॅमेऱ्याचा उल्लेख शोधतों, आणि मग मृताविषयीं वाचतों. हें फारसें शोभादायक नाहीं; पण तें खरें आहे.

आमच्या मतें या जातीचा शिरोमणि मात्र 'रोलाय ३५'. त्याचा कर्ता हाइन्ट्स वास्के हा जर्मन यंत्ररचनाकार. तो ज्या कारखान्यांत होता त्यानें कॅमेऱ्याचा धंदाच सोडला. तेव्हां १९६५ सालीं तो आपली कल्पना घेऊन रोलाय कंपनींत आला, आणि १९६६ सालीं कोलोनच्या प्रदर्शनांत हा कॅमेरा जगापुढें आला. जपानांत योशिहिसा माइतानीनें १९५९ च्या 'ऑलिम्पस पेन'मध्यें चित्राची चौकटच निम्मी करून छत्तीसच्या रोलांत बहात्तर चित्रें बसविलीं होतीं. वास्केनें चौकट कापली नाहीं, यंत्र आंवळलें. दहा सेंटिमीटरांहून किंचित् कमी लांब, सहा उंच, तीन जाड. भिंग नळींत बसवून ती नळी कॅमेऱ्याच्या पोटांत ढकलतां येईल अशी व्यवस्था केली. फिल्म पुढें नेण्याचा खटका डाव्या हाताला गेला. चित्रें मोजणारा आंकडा तळाशीं गेला. बिऱ्हाड दोन खोल्यांचें असलें म्हणजे पाट-बाजलीं जशीं जागा मिळेल तेथें उभीं करतात, तसाच प्रकार! आणि अंतर ठरवावयाचें तें अदमासानें. समोरचें माणूस दीड मीटरवर आहे कीं दोनवर, हें आपल्याच डोळ्यांनीं ठरवावें लागतें. आपण कोणाच्या किती जवळ उभे आहोंत, याचा विचार करावयास लावणारें दुसरें यंत्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

माइतानीचा १९७९ चा 'एक्सए' हा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. झांकण सरकविलें कीं तयार. आमच्या खिशांत रोज असतो तो हाच. रोलाय घरीं आहे, पण तो आम्ही वापरीत नाहीं.

तो आमच्या वडिलांचा. सत्तरीनंतर रोलायचे कॅमेरे सिंगापुरांत होऊं लागले, आणि आमचे धाकटे काका बोटीवर इंजिनियर होते. त्यांनीं तो तेथून आणला. वडील नाशकास एका कचेरींत लेखनिक होते. एक रोल या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंत पुरवीत. १९९६ सालीं ते गेले, तेव्हां कॅमेरा कपाटांत, डांबराच्या गोळ्यांच्या वासांत, चामड्याच्या पिशवींत होता. आंत रोल आहे. तळाचा आंकडा तेवीस दाखवितो. दादा म्हणतो, रोल कृष्णधवल आहे, इतक्या वर्षांनींही त्यांतून कांहीं निघेल. निदान पाहूं तरी. आईचें म्हणणें एकच: "छत्तीस पुरीं झाल्यावांचून ते कधीं रोल काढीत नसत. मग आतां कां काढायचा रे?"

दादा आमच्याकडे पाहतो. एव्हरेस्टचा बर्फ खणून काढावा असें म्हणणारे आम्ही. घरच्या कपाटाविषयीं मात्र आमच्या तोंडून शब्द निघत नाहीं. आईच्या हयातींत तरी तो रोल निघूं नये, असेंच आम्हांस वाटतें.

त्या कॅमेऱ्याचा एक नियम दादाला ठाऊक नसावा. फिल्म पुढच्या चित्रासाठीं ओढल्यावांचून त्याचें भिंग आंत जात नाहीं. हा यंत्राचा नियम आहे, त्यांत कोणाच्या इच्छेचा प्रश्न नाहीं, हें आम्ही जाणतों. पण वडिलांच्या कॅमेऱ्याचें भिंग आंत आहे. म्हणजे बाविसावें चित्र घेऊन झाल्यावर त्यांनीं खटका ओढला, तेविसावें तयार ठेवलें, आणि मगच तो कपाटांत ठेवला. ही गोष्ट आम्हीं अद्याप दोघांनाही सांगितलेली नाहीं.