एका नावावर सगळं घर

वर्गणी वडिलांच्या नावावर असायची, पुस्तकं मात्र सगळं घर वाचायचं. ज्यांचं लहानपण 1965 ते 1985 च्या दरम्यान महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी गेलं, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी हीच पद्धत होती. सुरुवातीला भरलेली अनामत, दरमहा थोडी वर्गणी, आणि त्यावर एक पुस्तक, एक मासिक. त्यात आजी, आई, काकू, कॉलेजात जाणारा काका, मॅट्रिकची ताई आणि आम्ही चिल्लीपिल्ली, सगळ्यांनी भागवायचं. पुस्तक घरात आलं की कुठल्या वेळी ते कुणाच्या हातात असणार, हे न सांगता ठरलेलं असे. दुपारची जेवणं आटपली, मागचं आवरून झालं की आई आणि काकू. संध्याकाळी ताई. रात्री सगळी निजानीज झाल्यावर काका, आजोबा आतून "दिवा मालव आता" म्हणून ओरडेपर्यंत. आजीला डोळ्यांमुळे वाचता येत नसे, म्हणून तिच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचायचं. मृत्युंजय कितीतरी घरांनी असं कानांनी वाचलं आहे.

पुस्तक बदलून आणणं हे पोरांचं काम. "बदलून आण" एवढंच म्हणायचे, आणि काय ते सगळ्यांना कळायचं. कापडी पिशवीत जुनं पुस्तक आणि मासिक, खिशात वर्गणीचे पैसे, आणि डोक्यात काकूच्या सूचना. "खांडेकर नको, झालेत. सुमती क्षेत्रमाडे असल्या तर बघ. नाहीतर योगिनी जोगळेकर. आणि खूण बघून आण हं, मागच्यासारखं वाचलेलं नको." ही खूण म्हणजे काकूने ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं इवलंसं फूल. कादंबऱ्यांची नावं लक्षात राहत नसत, मुखपृष्ठ तर बायंडिंगमध्ये नाहीसंच झालेलं असे, तेव्हा तेच पान उघडून बघायचं. तिथे काकूच्या फुलाशेजारी दुसऱ्या कुणाची फुली, तिसऱ्या कुणाचा त्रिकोण. गावातल्या किती बायकांनी ते पुस्तक आधी वाचलं, हे त्या एका कोपऱ्यात दिसायचं. त्यातल्या बऱ्याच जणींनी वाचनालयाची पायरीही चढलेली नव्हती. घरातलं उरकून संध्याकाळी पाचनंतर गावात जाऊन कपाटासमोर उभं राहायची सवड कुणाला होती? पण त्या वाचत होत्या, आणि आपापल्या आवडीचं वाचत होत्या.

हे जमवून आणायचे वाचनालयातले काका. ग्रंथपाल हा शब्द आम्हाला दारावरच्या पाटीमुळे माहीत होता, पण त्यांना तसं कुणी हाक मारत नसे. लाकडी काउंटरच्या पलीकडे ते बसत. समोर देवघेवीचं भलंमोठं रजिस्टर, शाईचं पॅड, तारखेचा शिक्का. पुस्तकं जाळीच्या कपाटांत कुलूपबंद. अलीकडच्या बाजूला दोरीने बांधलेली यादी असे. लेखकांच्या नावांप्रमाणे केलेली, मागे हाताने भर घातलेली, पानं चाळून चाळून मऊ पडलेली. यादीतून पाच-सहा क्रमांक चिठ्ठीवर लिहायचे आणि त्यातलं जे आत असेल ते मिळायचं. पण आम्ही पोरं यादीच्या वाटेला फारसे जात नसू. काका पिशवीतलं पुस्तक हातात घेत, मागच्या तारखेवर नजर टाकत आणि विचारत, "हे काकूंनी वाचलं की आईंनी?" "काकूने" असं म्हटलं की उठून आतल्या कपाटाशी जात. "हे दे त्यांना. सांग, सुरुवातीची चाळीस पानं नेटाने वाचा, मग सुटणार नाही." आमच्या काकूला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तिची आवड मात्र त्यांना पाठ होती. स्वामी वाचून झाल्यावर तिला श्रीमान योगी त्यांनीच पाठवलं. पुढे जयवंत दळवी पाठवले तेव्हा ते तिला आधी आवडले नाहीत. तसा निरोप गेला, आणि काकांनी तो मनावर घेऊन पुढच्या वेळी गो. नी. दांडेकर दिले. महिन्याभराने दळवींचंच दुसरं पुस्तक आलं आणि ते काकूने ठेवून घेतलं. त्या दोघांमधला हा संवाद आमच्या पिशवीतून वर्षानुवर्षं चालला होता.

वाचनालय गावाची सेवा करतं म्हणजे काय करतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. कपाटं किती, पुस्तकं किती, हे अहवालात असतंच. पण काउंटरवरच्या माणसाला अख्ख्या गावाचं वाचन तोंडपाठ असणं, ही खरी व्यवस्था होती.

आम्हा मुलांचं वेगळं. बालविभाग म्हणजे एक बुटकं कपाट, पण ते उघडं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, चांदोबाचे बांधून ठेवलेले जुने अंक, 1971 पासून निघू लागलेला किशोर. कपाटासमोर मांडी घालून बसलं की काका हटकत नसत. उलट आम्ही घरी न्यायचं पुस्तक तिथेच अर्धं संपवतोय हे पाहून म्हणायचे, "मग आता दुसरं ने, हे काय नेतोस?" बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा मात्र मागितल्या तरी सहज मिळत नसत. "आधी वडिलांना विचारून ये." वडील स्वतः त्या वाचत, हे काकांना रजिस्टरवरून ठाऊक होतं.

त्या पुस्तकांचं रूपही आठवतं. काळं किंवा मेंदी रंगाचं कापडी बायंडिंग, पाठीवर कागदी पट्टी, तिच्यावर दाखल क्रमांक. आत पहिल्या पानावर वाचनालयाचा लंबगोल शिक्का. तोच शिक्का मध्येच एका ठरावीक पानावर पुन्हा, कारण पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं. काहींवर कलकत्त्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का असे. 1972 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेकडून देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तकं येतात, हे पुढे कळलं. शेवटी चिकटवलेला तारखांचा कागद. समासात अज्ञात वाचकांची मतं, "अगदी खरं!", "नायक मूर्ख आहे", आणि त्याखाली तिसऱ्याच अक्षरात "पुस्तक खराब करू नये". पानांना दुमडल्याच्या घड्या, कुठे हळदीचं बोट. रहस्यकथांची शेवटची दोन पानं गळालेली निघाली की अख्खं घर हळहळायचं, आणि मग शेवट काय असेल यावर जेवताना चर्चा.

सभासद नसलेल्यांनाही वाचनालय होतं. दर्शनी खोलीत मुक्तद्वार विभाग. वर्गणी नाही, नाव नोंदवणं नाही, चपला बाहेर काढायच्या आणि आत जायचं. उतरत्या लाकडी फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली, उभं राहून वाचायची. सकाळी पेन्शनर, दुपारी बाजाराला आलेले शेतकरी, संध्याकाळी दुकानं बंद करून येणारे नोकर. नोकरीच्या जाहिराती पोस्टकार्डावर उतरवून घेणारी मुलं तर रोजचीच. गावातल्या पुष्कळ घरी त्या काळी पेपर येत नसे. मतदानाचे निकाल, मॅट्रिकचे निकाल, क्रिकेटचे आकडे लोक तिथेच वाचत. शांतता पाळा अशी पाटी होती आणि लोक ती बहुतेक वेळा पाळतही.

दिवाळी संपता संपता वर्षातला सगळ्यात मोठा उत्सव सुरू होई. का. र. मित्रांनी 1909 साली मनोरंजनचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांना ही सवय लागली. पण एवढे अंक विकत घेणं कुणाला परवडणार? म्हणून वाचनालयाची दिवाळी अंक योजना. थोडी जादा वर्गणी भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने एकेक करून सगळे अंक घरी. मौज, दीपावली, हंस, आवाज, किर्लोस्कर, स्त्री, मेनका, माहेर. खाकी पुठ्ठा घातलेले, दोऱ्याने टाचलेले. आवाजच्या खिडक्या आमच्या हाती येईपर्यंत फाटलेल्या असत, तरी उघडून बघायच्याच. अंक दोन दिवसांत परत करायचा, कारण पुढे रांग. या दिवसांत घरातली शिस्त कडक व्हायची. काकूला मेनका एका दुपारीत संपवावा लागे, आणि ती संपवायची.

लहानपणी आम्हाला हे सगळं सूर्योदयासारखं आपोआप होणारं वाटे. ते तसं नव्हतं. रत्नागिरीला 1828 साली, नाशिकला 1840 मध्ये, पुण्यात 1848 मध्ये, कोल्हापुरात 1850 मध्ये वाचनालयं निघाली. तेव्हा त्यांना नेटिव्ह लायब्ररी म्हणत, आणि ती मूठभर इंग्रजी शिकलेल्यांची होती. मग 1893 मध्ये ठाण्याला आणि 1898 मध्ये मुंबईत मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं, आणि मराठी पुस्तक जपून ठेवण्यासारखं आहे, हे कुणीतरी ठामपणे मांडलं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून 1910 पासून संस्थानभर ग्रंथालयं आणि गावोगाव पेट्यांतून जाणारी फिरती पुस्तकं सुरू केली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांसाठी कायदाच केला. आणि महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला 1967 साली. आमच्या वाचनालयावरची पाटी, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक, अ, ब, क, ड हे वर्ग, सगळं त्या कायद्यातून आलेलं.

या कायद्याची घडण मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकर बसवला. महाराष्ट्राने तो बसवला नाही. इथे सरकार गावात वाचनालय काढत नाही. गावातली माणसं संस्था नोंदवतात, जागा मिळवतात, पुस्तकं जमवतात, आणि मग सरकार वर्गवारी ठरवून वार्षिक अनुदान देतं. आमच्या गावच्या कार्यकारिणीवर एक वकील, दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार आणि एक डॉक्टर होते, आणि वार्षिक सभेत ते पुस्तकखरेदीवरून तावातावाने भांडत. म्हणूनच ते वाचनालय आम्हाला सरकारी कचेरी कधी वाटलं नाही. अनुदानासाठी तपासणी यायची तेव्हा मात्र काका आठवडाभर आधीपासून रजिस्टरं जुळवत आणि आम्ही पोरं फडकी घेऊन कपाटं पुसायला जात असू.

पण या घडणीत एक मोठी खोट राहिली, आणि ती त्याच काकांच्या वाट्याला आली. राज्यात हजारो अनुदानित ग्रंथालयं आहेत, त्यांतली बरीचशी लहान वर्गांची. तिथल्या सेवकांना सरकारी वेतनश्रेणी नाही. अनुदानातून आणि वर्गणीतून उरेल त्यात त्यांचा पगार. सत्तरच्या दशकातल्या प्रभा राव समितीपासून वेतनश्रेणीचा विषय चालू आहे, अनुदान मधूनमधून वाढलंही आहे, तरी खेड्यातल्या ग्रंथपालाला त्या पगारात घर चालवता येत नाही. आमचे काका सकाळी एका पेढीवर हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी वाचनालयात देवघेवीला बसायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना दोन्ही कामं आवडतात. एवढ्या घरांच्या आवडीनिवडी ज्याने डोक्यात वागवल्या, त्याला गावाने पुरेसा पगार दिला नाही. हे चुकलं, आणि अजून चुकतंच आहे.

आज त्याच वाचनालयांत गेलं तर गर्दी अभ्यासिकेत दिसते. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. घरी टेबल नाही, शांतता नाही, शहरात खोली घ्यायला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी ती खुर्ची आणि तो पंखा म्हणजे सर्वस्व आहे. कादंबऱ्यांची मागणी घटली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत डोकावावं. पुस्तकंही नव्या वाटा शोधताहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून 2009 पासून मराठी पुस्तकांच्या पेट्या घरोघरच्या वाचकगटांपर्यंत आणि पार परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोचल्या. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, जुने ग्रंथ भिजले, तेव्हा कधीकाळी तिथे पुस्तक बदललेल्या किती जणांच्या पोटात कालवलं असेल!

आमच्या पिढीतले आता बहुतेक निवृत्त आहोत, पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब आहोत. हव्या त्या पुस्तकाला पैसे देता येतात, ते घरपोच येतं. तरीही आपापल्या गावच्या वाचनालयाचे आजीव सभासद व्हा, एवढी विनंती आहे. रक्कम फार नसते. मतदानाचा हक्क मिळतो, वार्षिक सभेची नोटीस येते. त्या सभेला जा. ताळेबंदात वेतनावरचा खर्च कुठे लिहिलाय ते बघा, आणि ग्रंथपालाला महिना किती मिळतात, हा प्रश्न उभं राहून विचारा.