तारा सरकतो, बघायला चला!

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याला जायचं ठरलं, की अजिंक्यतारा, सज्जनगड, कास हा बेत आलाच. पण जेवणं उरकल्यावर काय? पत्ते नाहीतर झोप! या खेपेला एक अंधारी रात्र आभाळासाठी राखून ठेवा.

तारे आपापल्या जागी स्थिर असतात असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरं तर सगळेच तारे चालत असतात. दूर असल्यामुळे ते जाणवत नाही, इतकंच. अजिंक्यताऱ्यावरून महामार्गाकडे बघा. ट्रक मुंगीसारखे सरकताना दिसतात. तोच ट्रक रस्त्याकडेला उभं राहून पाहिला, तर झपकन निघून जातो. ताऱ्यांचंही तसंच. जवळचा असेल तोच सरकलेला कळतो.

असा एक शेजारी म्हणजे बर्नार्डचा तारा. अमेरिकेतल्या बर्नार्ड यांनी १८९४ आणि १९१६ सालचे फोटो ताडून पाहिले, तेव्हा याची चाल लक्षात आली. हा तांबडा बटू तारा आहे. मुंजीतला बटू आठवा, तसाच लहानखुरा. वजनाने सूर्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा, आणि प्रकाश विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद. म्हणून जवळ असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जवळ म्हणजे तरी किती? त्याचा उजेड इथे पोचायला सहा वर्षं लागतात. तुमची लेक पहिलीत गेली तेव्हा निघालेला उजेड ती सातवीत गेल्यावर पोचतो!

चंद्राच्या रुंदीएवढं अंतर सरकायला त्याला सुमारे पावणेदोनशे वर्षं लागतात. हे फारच सावकाश वाटेल. पण सहा इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडून फोटो काढला, आणि वर्षाने त्याच भागाचा पुन्हा काढला, तरी फरक कळतो. दोन्ही फोटो संगणकावर एकावर एक ठेवायचे. बाकीचे ठिपके ठिपक्यांवर बसतात, हा एकच उत्तरेकडे सरकलेला असतो. रांगोळीत एखादा ठिपका चुकावा तसा! महिना मात्र तोच ठेवायचा, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळेही तारा किंचित हलल्यासारखा दिसतो.

आता जागा कुठली? साताऱ्यात यवतेश्वराचा घाट चढून कासच्या बाजूला गेलात, की शहराचे दिवे मागे राहतात. पठारावर रात्री हिंडायचं नाही बरं का. वाटेतल्या गावात मुक्काम करावा आणि अंगणातून पाहावं. वृश्चिकाच्या उत्तरेला भुजंगधारी, त्यात हा तारा. मेमध्ये मध्यरात्रीनंतर तो चांगला वर येतो. जूनमध्ये रात्रभर असतो, पण तेव्हा कास ढगात! अशा वेळी सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग बरा. जत, आटपाडीकडे पाऊस कमी, माळ मोकळा. माहेर साताऱ्याचं नि सासर सांगलीचं असेल तर सोयच झाली. एक फोटो इथला, एक तिथला असला तरी चालतो. ताऱ्यांच्या हिशेबात हे अंतर शून्यच.

दुर्बीण विकतच घ्यायला हवी असं नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना, बाईंना विचारा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. शाल, थर्मास आणि लाल कागद लावलेली बॅटरी बरोबर असू द्या.

‘बायकांना रात्री कशाला हवेत तारे?’ असं घरात कुणी म्हणेलच. त्यांना ॲनी कॅनन यांचं नाव सांगा. या बाईंनी हार्वर्डच्या वेधशाळेत बसून सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांची वर्गवारी केली. आपल्याला तर एकच तारा सांभाळायचा आहे! सासूबाईंनाही बरोबर घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

पहिल्या फोटोमागे तारीख घाला आणि मुलांच्या फोटोंच्या अल्बममध्ये तो लावून टाका. पाच वर्षांनी दुसरा शेजारी लावाल, तेव्हा मुलं किती वाढली ते दिसेलच, आणि तारा किती चालला तेही.