मनाची ग्वाही

मराठीत एक छोटीशी म्हण आहे : 'खाई त्याला खवखवे'. ज्याने चोरून खाल्ले असेल, त्याचाच घसा खवखवतो, इतरांचा नाही. दुसरी एक म्हण आहे : 'चोराच्या मनात चांदणे'. रात्र कितीही अंधारी असली, तरी चोराला वाटते की चांदणे पडले आहे आणि सारे जग आपल्याकडे पाहत आहे. या दोन्ही म्हणी एकाच गोष्टीविषयी आहेत. त्या गोष्टीला तुम्ही घरी 'जमीर' म्हणता. मराठीत तिला 'सदसद्विवेकबुद्धी' म्हणतात. शब्द लांबलचक आहे; पण फोडून पाहिला की सोपा होतो. सत् म्हणजे चांगले, असत् म्हणजे वाईट आणि विवेक म्हणजे त्या दोहोंतला फरक ओळखणे.

मी हातकणंगल्याचा. आमच्या तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे चांदी तोलून दिली जाते आणि दागिना तोलून घेतला जातो. थोडी जरी चांदी कमी भरली, तरी काटा लगेच सांगतो. लहानपणी मला प्रश्न पडे : माणसाच्या वागण्याचे वजन करणारा असा काटा कुठे असतो? तो आपल्या आतच असतो, हे पुढे समजले. पण तो तिथे आला कुठून? या प्रश्नाची दोन उत्तरे मला मिळाली. ती दोन्ही तुम्हांला सांगतो.

पहिले उत्तर मानसशास्त्राचे. व्हिएन्ना शहरातील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली एका पुस्तकात आपला विचार मांडला. लहान मूल आईवडिलांच्या रागाला भिते आणि त्यांचे प्रेम हवे म्हणून त्यांचे ऐकते. हळूहळू वडीलधाऱ्यांचा आवाज मुलाच्या मनात जाऊन बसतो. मग आई घरात नसली, तरी साखरेच्या डब्याकडे गेलेला हात थबकतो.

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी मुलांना गोष्टी सांगून प्रश्न विचारले. एका मुलाने दार ढकलले. दारामागे कप ठेवलेले होते, हे त्याला माहीत नव्हते. पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आईच्या नकळत फडताळातला मुरंबा काढत होता. त्याच्या हातून एकच कप फुटला. जास्त दोषी कोण? तुम्ही लगेच म्हणाल, दुसरा! पण लहान मुले बहुधा पहिल्याकडे बोट दाखवीत, कारण त्याने पंधरा कप फोडले. वय वाढले की मुले नुकसान मोजण्याऐवजी हेतू पाहू लागतात. पियाजे यांचे हे पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या हाडामांसाप्रमाणे आपला विवेकही वाढत असतो.

दुसरे उत्तर धर्माचे. धर्म म्हणतो, हा काटा ईश्वराने दिला आहे. कुरआन शरीफमध्ये मनाच्या तीन अवस्था आल्या आहेत. वाईटाकडे ओढणारे मन म्हणजे नफ्स-ए-अम्मारा. चुकल्यावर स्वतःलाच दोष देणारे मन म्हणजे नफ्स-ए-लव्वामा. समाधान पावलेले, शांत मन म्हणजे नफ्स-ए-मुतमइन्ना. यांतले मधले मन म्हणजेच आपली टोचणी. आमच्या तालुक्यातच कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे. जैन कथेनुसार राज्यासाठी भावाशी लढून बाहुबली जिंकला. पण जिंकताच त्याला त्या लढाईची खंत वाटली आणि त्याने राज्यच सोडले. आपल्या दोषांची आठवण करून त्यांपासून दूर होण्याला जैन 'प्रतिक्रमण' म्हणतात. या शब्दाचा अर्थ आहे 'मागे फिरणे'. आणि तुमच्या 'तौबा' या शब्दाचा मूळ अर्थ? तोही 'परत फिरणे' असाच आहे! शब्द दोन, भाषा दोन. पण वाट एकच.

आता मनात एक शंका येते. आतला आवाज जर वडीलधाऱ्यांकडून आलेला असेल, तर तेच चुकत असतील तेव्हा काय? आणि एखादी वाईट रूढी धर्माच्या नावाने चालत असेल तर? या शंकेचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते कुंभोजला जन्मलेल्या एका माणसाच्या आयुष्यात मिळाले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होते. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करायला सांगण्यात आले, कारण त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांना विटाळ झाला होता. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पाहा, आजूबाजूचे सारे एक सांगत होते आणि त्यांचे मन दुसरे सांगत होते. त्यांनी मनाचे ऐकले.

याहून कठीण प्रसंग १९१४ साली आला. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आणला गेला. लठ्ठे हे जैन समाजाचे पुढारी होते. ज्या वसतिगृहातून भाऊरावांना बाहेर पडावे लागले, त्याच्या कारभाराशीही त्यांचा संबंध होता. जुना राग काढायचा असता, तर याहून चांगली संधी नव्हती. चार खोटे शब्द बोलले की सुटका होती. भाऊरावांनी ते शब्द उच्चारले नाहीत. त्यांना कोठडीत डांबले, त्यांचा अतोनात छळ झाला. पण खोटी साक्ष त्यांनी दिली नाही ती नाहीच.

पुढे १९१९ साली याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहिली आणि एका पंक्तीत जेवली. १९०८ साली एकट्याने दिलेल्या नकारातून हजारो मुलांसाठी दार उघडले.

मित्रांनो, 'साक्ष' या शब्दाला मराठीत 'ग्वाही' असाही शब्द आहे. तो तुमच्या 'गवाही'चाच सख्खा भाऊ. भाऊरावांनी न्यायालयातली खोटी ग्वाही नाकारली, कारण त्यांच्या मनाची ग्वाही खरी होती.

मात्र एक लक्षात ठेवा. मनात उठणारा प्रत्येक आवाज जमीरचा नसतो. नफ्स-ए-अम्मारासुद्धा गोड बोलते. "सगळेच कॉपी करतात, तू केलीस तर काय बिघडले?" हा आवाजही आतूनच येतो. मग ओळखायचे कसे? जो आवाज नेहमी आपल्या सोयीचेच सांगतो, त्याच्यावर संशय घ्या. जे काम लोकांना कळू नये असे वाटते, ते करण्याआधी थांबा. आणि ज्याचे नुकसान होणार आहे, त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहा.

काटा वापरला नाही, तर तो गंजतो. पहिले खोटे बोलताना जीभ अडखळते, दहाव्या वेळी अडखळत नाही. म्हणून मनाला टोचणी लागली, तर तिचा राग धरू नका. ती टोचते आहे, तोवर काटा शाबूत आहे. विवेक कुठून आला, याविषयी मानसशास्त्रज्ञ आणि धर्मपंडित खुशाल चर्चा करोत. त्याची ग्वाही ऐकायची की नाही, हे मात्र रोज, प्रत्येक वेळी, तुम्हांलाच ठरवायचे आहे.